बुलेट विकण्याआधी रजेचा हिशेब

वाचकाचे पत्र (संक्षिप्त)

सप्रेम नमस्कार. मी भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मशीन शॉपचा सुपरवायझर आहे. वय 41. पत्नी एका पतसंस्थेत नोकरीला आहे, मुलगी पहिलीत शिकते आणि माझी आई आमच्याबरोबर राहते. माझ्याकडे 2007 ची कास्ट आयर्न बुलेट आहे, उजव्या पायात गिअर आणि डाव्या पायात ब्रेक असलेली. लग्नाच्या आधी ओव्हरटाइमचे पैसे साठवून ती घेतली. टॅपेट सेट करणे, पॉइंट साफ करणे, कार्बोरेटर खोलणे ही सगळी कामे मी स्वतः करतो. गुरुवारी सुट्टीच्या दिवशी मी बहुतेक वेळ पार्किंगमध्ये नाहीतर गॅरेजवर असतो आणि संध्याकाळी मित्र तिथेच भेटतात. आमचा राइडचा ग्रुप आहे. त्यातले बहुतेक जण हिंजवडीतल्या कंपन्यांत असल्यामुळे राइड शनिवार-रविवारी ठरतात आणि मला रजा टाकावी लागते. माळशेज, ताम्हिणी, वर्षातून एकदा गोवा, आणि गेल्या वर्षी मनालीमार्गे लेह.

जूनमध्ये शाळेने मुलांकडून एक तक्ता भरून घेतला, त्यात घरातील प्रत्येक माणूस आपल्याबरोबर काय करतो ते लिहायचे होते. मुलीने आईसमोर आणि आजीसमोर बरेच काही लिहिले होते. माझ्यासमोर ‘गाडी’ एवढेच लिहिले होते. पत्नीने काही न बोलता सही करून तक्ता दप्तरात ठेवला. त्याआधी, गेल्या डिसेंबरमध्ये, मुलीच्या शाळेचे स्नेहसंमेलन होते, तेव्हा मी गोव्याला होतो.

आता मी गाडी विकायचे ठरवले आहे. कोल्हापूरचे एक गृहस्थ चांगली किंमत देत आहेत आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर न्यायला येणार आहेत. पैसे मुलीच्या नावाने सुकन्या समृद्धी खात्यात टाकणार आहे. मित्र म्हणतात की पस्तावशील, आणि नाहीतर कव्हर घालून ठेव, पुढे बघू. पत्नी म्हणते, ‘तुमचे तुम्ही बघा.’ ‘बाबा तुझ्यासाठी गाडी विकणार आहेत,’ असे मुलीला सांगितले तर ती रडायला लागली, कारण टाकीवर बसून सोसायटीला फेरी मारायला तिला फार आवडते. मी चुकतो आहे का?

उत्तर

पत्र छापताना मी ते बरेच कापले आहे, आणि कापलेला बहुतेक मजकूर ऑइल गळतीविषयी होता. हे टोचून बोलण्यासाठी सांगत नाही. मूळ पत्रात गाडीची माहिती दोन पाने भरून आहे आणि मुलीविषयी जे काही आहे ते सगळे वर छापलेल्या मजकुरात आले आहे. तिची मैत्रीण कोण, तिला काय खायला आवडते, ती रात्री कोणाजवळ झोपते, यातले काहीच त्यात नाही. तुम्हाला ते ठाऊक नाही असे मी म्हणणार नाही. मात्र जे तुम्हाला न विचारता सांगावेसे वाटले ते गाडीविषयीचे होते, आणि शाळेच्या तक्त्यात मुलीने बहुधा तेवढेच टिपले.

गाडी विकावीशी वाटते यात काही चूक नाही, आणि ती विकू नका असे पटवण्यासाठी मी हे लिहीत नाही. माझी हरकत क्रमाला आहे. तुम्ही आधी गाडी विकणार आणि मग वेळ शोधणार, आणि पत्र पुन्हा पुन्हा वाचल्यावर मला तर असे दिसते की तुमचा वेळ जिथे खर्च होतो आहे तिथे नुसती गाडी विकून हात पोहोचणार नाही.

तुमचा आठवडा पाहा. भोसरी आणि पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. वेगवेगळ्या औद्योगिक भागांना विजेसाठी वेगवेगळे वार वाटून देण्याच्या पद्धतीतून ती चालत आली आहे आणि तिथे काम करणाऱ्या असंख्य घरांत त्यामुळे नवऱ्याची सुट्टी एका वारी आणि बायकामुलांची दुसऱ्या वारी येते. तुमच्या पत्नीची पतसंस्था आणि मुलीची शाळा रविवारी बंद असते, म्हणजे गुरुवारी सकाळी तुम्ही मोकळे होता तेव्हा आईखेरीज घरात कोणी नसते. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत अशी सूचना राज्य शासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये काढली, तेव्हापासून अनेक शाळांची लहान मुले दुपार बरीच कलल्यावर घरी येतात. गुरुवारी ती शाळेत असताना तुम्ही पॉइंट घासत बसलात किंवा चाकण ओलांडून राजगुरुनगरपर्यंत जाऊन आलात, तर त्यात मुलीचा एक मिनिटही जात नाही. तो वेळ तुमचा आहे आणि मशीन शॉपच्या आवाजात सहा दिवस काढणाऱ्या माणसाला तो मिळायला हवा.

मुलीचा वेळ जातो तो दोन ठिकाणी. त्यातले लहान ठिकाण म्हणजे गुरुवारची संध्याकाळ. ती शाळेतून आल्यानंतरही तुम्ही गॅरेजवर असता, मित्र तिथेच येतात आणि काम संपले तरी बसणे संपत नाही. ही गोष्ट आजपासून, काहीही न विकता बदलता येते. शाळेची बस गेटवर येईल तेव्हा हात धुऊन, कपडे बदलून तिथे उभे राहायचे आणि त्यानंतर झोपेपर्यंत खाली जायचे नाही. ज्या दिवशी इंजिन खोललेले असेल त्या दिवशी ते तसेच ताडपत्रीखाली राहू द्यावे. पुढच्या गुरुवारपर्यंत त्याला काही होत नाही, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता.

मोठे ठिकाण तुमच्या रजेचे आहे, आणि तुमच्या पत्रातील सगळ्यात महत्त्वाचे वाक्य, तुम्ही ज्याच्यावर काही भाष्य केलेले नाही, ते हे आहे की राइड शनिवार-रविवारी असतात आणि तुम्हाला रजा टाकावी लागते. कारखान्यातील भरपगारी रजेचा जुना हिशेब वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस असा आहे, म्हणजे वर्षाला पंधराच्या आसपास. बाकीच्या किरकोळ आणि आजारपणाच्या रजा धरल्या तरी तुमच्या हातात फार दिवस उरत नाहीत. तुमचा गुरुवार आणि घराचा रविवार कधीच जुळत नसल्यामुळे सणवार सोडले तर आई, बाबा आणि मुलगी अख्खा दिवस एकत्र असण्याचा एकच मार्ग तुमच्या घराला उपलब्ध आहे, आणि तो म्हणजे तुम्ही रविवारी रजा काढणे. तुम्ही ती काढताही. महिन्यातून एकदा, बरोबर रविवारी, रजा काढून तुम्ही माळशेज घाटात असता. उरलेल्या रजा लेहला गेल्या, आणि जी रजा स्नेहसंमेलनाच्या दिवशी कामी आली असती ती गोव्याच्या रस्त्यावर संपली. पतसंस्थेत काम करणाऱ्या तुमच्या पत्नीला हा जमाखर्च फार आधी कळला असणार, असा माझा अंदाज आहे.

आता असे समजा की दसऱ्याला गाडी कोल्हापूरला गेली. ग्रुप तसाच राहील, कारण माणसे तुम्हाला आवडतात. डिसेंबरात कोणीतरी म्हणेल, माझ्या मागे बस, गोव्याला जाऊन येऊ. किंवा दोन वर्षांनी कोणाची तरी नवी गाडी चालवून पाहताना तुम्हाला वाटेल की आता हप्त्याने घ्यायला काय हरकत आहे. गुरुवारचे तास मोबाइलवर दुसऱ्यांच्या बुलेटींचे व्हिडिओ पाहण्यात जातील. असे घडलेली घरे मी पाहिली आहेत, आणि तिथे शेवटी मुलाला बाबाही मिळाले नाहीत आणि बाबांना गाडीही राहिली नाही. याचे कारण समजण्यासारखे आहे. गाडी विकणे अवघड असले तरी ते एका दिवसाचे काम आहे. त्यात दुःख आहे, चार लोकांचे कौतुक आहे आणि काहीतरी मोठे केल्याचे समाधान आहे. दर गुरुवारी साडेतीन वाजता गेटवर उभे राहण्यात यातले काहीच नाही. ग्रुपवर ‘या वेळी मी येत नाही’ असे महिन्यामागून महिना लिहिणे तर त्याहून अवघड आहे, कारण त्यात थट्टाही ऐकून घ्यावी लागते. मोठा त्याग करून या लहान लहान नकारांतून सुटका होईल, अशी आशा तुमच्या पत्रात मला दिसली. ती खरी ठरत नाही.

म्हणून माझा सल्ला असा आहे की येत्या दसऱ्याला गाडी देऊ नका. दसऱ्याला तिची पूजा करा, झेंडूचा हार घाला, आणि विक्रीचा निर्णय पुढच्या गुढीपाडव्यापर्यंत लांबवा. मुहूर्तच हवा असेल तर तोही साडेतीन मुहूर्तांपैकीच आहे. मधल्या काळात शाळेची दिवाळीची सुट्टी येते, स्नेहसंमेलन येते आणि थंडीतले रविवार येतात, म्हणजे ग्रुपच्या राइडचा ऐन हंगाम आणि मुलीला तुम्ही हवे असण्याचे दिवस नेमके एकत्र येतात. या काळात एकही रजा गाडीसाठी काढायची नाही. जेवढ्या शिल्लक आहेत तेवढ्या रविवारी किंवा तिच्या सुट्टीत काढायच्या. गाडी चालवायची ती गुरुवारी, ती शाळेत असताना. ग्रुपला हे एकदाच, नीट शब्दांत कळवून टाका; दर वेळी नवे कारण देऊ नका, कारण कारणांवर वाद घालता येतो आणि नियमावर फारसा घालता येत नाही.

पाडव्यापर्यंत हे जमले, तर तुमच्यासमोरचा प्रश्न बराच लहान झालेला असेल आणि गाडी ठेवायची की नाही हे पैसे, जागा आणि हौस पाहून ठरवता येईल. जमले नाही, म्हणजे रजेच्या रविवारी घरी बसून तुमचे लक्ष फोनवर येणाऱ्या घाटातल्या फोटोंकडे राहिले, किंवा गुरुवारी बस येऊन गेल्यावरही तुम्ही खालीच सापडलात, तर गाडी विका. मग विकण्यात त्यागाचा भाग उरणार नाही; एक गोष्ट आपल्याला मर्यादेत ठेवता येत नाही एवढे कळल्यामुळे ती दूर केली, इतकेच ते राहील. मोकळेपणाने सांगायचे तर, दोन पाने ऑइल गळतीवर लिहिणारा माणूस पाहता माझा कल ‘पाडव्याला विकावी लागेल’ याच बाजूला आहे. पण त्या वेळी तुम्ही रिकाम्या झालेल्या वेळेचे काय करायचे हे शिकून बसलेले असाल, आणि आज तुम्ही ते शिकलेले नाही.

कव्हर घालून ठेवण्याचा मित्रांचा सल्ला मात्र ऐकू नका. न चालवता उभी राहिलेली जुनी बुलेट कशी होते ते तुम्हाला सांगायला नको: कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सुकून चिकटते, बॅटरी उतरते, टाकीला आतून गंज धरतो, टायर एका जागी बसतात. त्याहून वाईट म्हणजे जिन्यातून येता-जाता तुम्हाला रोज ती दिसेल आणि तुम्ही काय सोडले आहे याची आठवण घरातल्या सगळ्यांना करून देत राहील. ठेवायची तर चालती ठेवा.

मुलीला तुम्ही जे सांगितले त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण घाईने दुरुस्त करण्याजोगी हीच एक गोष्ट आहे. ‘तुझ्यासाठी गाडी विकणार’ हे वाक्य तुम्ही प्रेमाने बोललात, यात शंका नाही. सहा वर्षांच्या मुलीने त्यातून काय ऐकले असेल ते पाहा: बाबांची सगळ्यात आवडती वस्तू जाणार आहे आणि ती माझ्यामुळे जाणार आहे. तिने हे मागितले नव्हते. तक्त्यात ‘गाडी’ लिहिताना तिने तक्रार केली होती असेही मला वाटत नाही. बाबा आणि गाडी हे तिच्या दृष्टीने एकच चित्र आहे आणि फेरीचा आनंदही त्यात असणार. ती रडली यामागे फेरी बंद होण्याचे दुःख आहेच, शिवाय आपण काहीतरी चुकीचे लिहिले म्हणून हे घडते आहे अशी भीतीही असू शकते. पुढे ती मोठी होईल, दहावीत कमी गुण आणेल किंवा तुमच्या मनाविरुद्ध काही ठरवेल, तेव्हा ‘तुझ्यासाठी मी गाडी विकली होती’ हे वाक्य तुमच्या तोंडून निघाले नाही तरी घरात कुठेतरी ते असेलच. मुलांच्या नावावर असे कर्ज टाकू नये.

तेव्हा तिला जवळ घेऊन स्पष्ट सांगा की गाडी कुठेही जात नाही, तक्त्यात तिने लिहिले ते अगदी बरोबर होते, आणि बाबांनी घरी जास्त वेळ राहायचे ठरवले आहे कारण बाबांनाच तसे राहायचे आहे. पुढे विक्री झालीच तर त्या वेळीही ‘तुझ्यासाठी’ हा शब्द वापरू नका. गाडी जुनी झाली होती, बाबांना ती सांभाळणे जमत नव्हते, म्हणून ती नीट सांभाळणाऱ्या काकांना दिली, हे उत्तर खरे आहे आणि तिला पेलणारे आहे. सुकन्या समृद्धी खाते उघडण्याला माझा विरोध नाही, योजना चांगली आहे. मुलीचे वय दहा वर्षांच्या आत असेपर्यंत खाते उघडता येते, वर्षाला किमान 250 आणि कमाल दीड लाख रुपये भरता येतात, पंधरा वर्षे भरणा चालतो आणि उघडल्यापासून एकवीस वर्षांनी ते परिपक्व होते. पण ते तुमच्या पगारातून आजच उघडा. गाडीच्या पैशाशी त्याची गाठ मारली की खात्याचे पुस्तक पाहताना दर वेळी बुलेट आठवेल.

टाकीवरच्या फेरीविषयी तुम्ही विचारलेले नाही, तरीही लिहिणे भाग आहे. ती बंद करा, आणि सोसायटीच्या आतसुद्धा बंद करा. चार वर्षांवरील प्रत्येकाला मोटारसायकलवर हेल्मेट सक्तीचे आहे. चार वर्षांच्या आतील मुलांसाठी फेब्रुवारी 2023 पासून पट्ट्याने बांधून घेणे, हेल्मेट आणि ताशी 40 किलोमीटरची वेगमर्यादा असे नियम आहेत. टाकीवर बसलेल्या मुलाला मात्र कोणताच नियम वाचवत नाही, कारण अचानक ब्रेक लागला की मूल हँडलवर आदळते आणि मागून तुमच्या अंगाचा भार त्याच्यावर येतो. तिला मागे बसवायचे ते तिचे पाय फूटरेस्टवर पूर्ण टेकू लागतील तेव्हा, तिच्या डोक्याच्या मापाच्या आयएसआय हेल्मेटसह. बुलेटची उंची पाहता त्याला अजून काही वर्षे आहेत. तोपर्यंत तिला फेरी हवी असेल तर तिच्या सायकलमागे तुम्ही पळा. त्या फेरीत तिला जास्त गंमत वाटेल आणि तुम्हालाही ते बरे.

इथे एक मोह टाळायला हवा. असे पत्र आले की अनेक जण सांगतात, मुलीला आपल्या छंदात सामील करून घ्या, पाना हातात द्या, गाडी पुसायला शिकवा. ती स्वतःहून आली तर जरूर द्या, पण याला तिच्यासाठी काढलेला वेळ म्हणू नका. पार्किंगमध्ये तिला शेजारी बसवून तुम्ही टॅपेट सेट करत असाल तर तो तुमचाच गुरुवार आहे, फक्त त्याला एक प्रेक्षक मिळाला आहे. तिचा वेळ म्हणजे तिने ठरवलेली गोष्ट, आणि सहा वर्षांचे मूल जे ठरवते ते मोठ्यांना बहुधा कंटाळवाणे वाटते: तोच पत्त्यांचा डाव पुन्हा, तीच गोष्ट तिसऱ्यांदा, भातुकलीत तुम्ही गिऱ्हाईक. तुम्हाला तासाभरात जांभई येईल आणि खाली जावेसे वाटेल. त्या वेळी बसून राहणे, एवढीच या सगळ्यातली मेहनत आहे. रजेच्या रविवारी तिला निगडीच्या अप्पूघरला किंवा चिंचवडच्या सायन्स पार्कला नेण्यात काही वावगे नाही, पण दर रविवार सहलीचा केला तर तुम्ही पुन्हा राइडच आखत बसाल, फक्त गाडीऐवजी मुलगी घेऊन. तिची वेणी, गृहपाठ, दप्तर, शाळेच्या बसपर्यंत चालत जाणे यांतली एखादी गोष्ट कायमची तुमच्याकडे घ्या, म्हणजे पुढच्या तक्त्यात तुमच्यासमोर काय लिहायचे असा प्रश्न तिला पडणार नाही.

पत्नीच्या ‘तुमचे तुम्ही बघा’ या उत्तराला तुम्ही परवानगी समजू नका आणि नाराजीही समजू नका. ज्या माणसाने आजवर कोणतीही राइड विचारून ठरवली नाही त्याने विक्री तेवढी विचारली, तर असे उत्तर येणारच. त्यांच्याशी बोलताना गाडीचा विषय काढूच नका. रजेचे कॅलेंडर समोर ठेवा आणि पुढच्या मार्चपर्यंतच्या रजा कुठे टाकायच्या हे त्यांना ठरवू द्या. आणखी एक गोष्ट त्यांना विचारा, जी तुमच्या पत्रात कुठेच नाही. तुमचा गुरुवार मोकळा जातो. त्यांचा मोकळा दिवस कोणता? रविवारी तुम्ही कामावर किंवा घाटात, मुलगी घरी, सासूबाई घरी, आणि सहा दिवस नोकरी करून आलेली बाई स्वयंपाकघरात. तुम्ही रजा काढलेल्या रविवारांपैकी निदान काही रविवारी त्या बाहेर जातील आणि मुलगी पूर्ण दिवस फक्त तुमच्याकडे असेल, असे ठरवा. मुलीला एकट्याने सांभाळल्याशिवाय तिच्याविषयी दोन पाने लिहिण्याइतके तुम्हाला काही कळणार नाही.

आता पाडव्याला विकायचेच ठरले तर कागदांविषयी थोडे, कारण भावनेच्या भरात लोक याच गोष्टी विसरतात. गाडी 2007 ची, म्हणजे पंधरा वर्षांची मूळ नोंदणी 2022 मध्ये संपून पुढे पाच वर्षांसाठी वाढवलेली असणार. ती मुदतही 2027 मध्ये संपते आहे. आरसीवरची, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरची, तारीख पाहा. मुदत संपण्याआधीच्या साठ दिवसांत नूतनीकरणाचा अर्ज करता येतो, त्यासाठी गाडीची तपासणी होते. एप्रिल 2019 पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेटही लागते, ती बसवली नसेल तर आधी बसवून घ्या. नूतनीकरण करून विकली तर किंमतही नीट येते आणि घेणाऱ्याला हेलपाटे पडत नाहीत. व्यवहाराच्या वेळी मालकी बदलाच्या नमुना 29 आणि 30 वर सह्या होतात, आणि गाडी कोल्हापूरच्या कार्यालयाकडे जाणार असल्यामुळे नमुना 28 मधील ना हरकत प्रमाणपत्र पिंपरी-चिंचवडच्या आरटीओकडून घ्यावे लागेल. कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून देऊन ‘नंतर नावावर करून घ्या’ असे म्हणू नका. नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक असतो आणि अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले आहे. हस्तांतराची माहिती विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला द्यायची असते आणि विमाही तेवढ्याच मुदतीत नव्या मालकाच्या नावावर करून घ्यायचा असतो. नवे आरसी त्यांच्या नावावर झाल्याचे पाहीपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

या आठवड्यात करायची कामे तीनच आहेत. शाळेत जाऊन या वर्षीच्या स्नेहसंमेलनाची तारीख विचारा, आणि ती ठरली नसेल तर वर्गशिक्षिकांकडे आपला नंबर ठेवून या. तारीख मिळाली की रजेचा अर्ज त्याच दिवशी कारखान्यात द्या. आणि कोल्हापूरच्या गृहस्थांना फोन करून दसऱ्याला गाडी देता येणार नाही असे सरळ सांगा. त्यांनी विसार दिला असेल तर तो लगेच परत करा, आणि पाडव्यापर्यंत थांबायची त्यांची तयारी असेल तर पुन्हा बोलू म्हणा, मात्र तसा शब्द देऊ नका.